पाणी सोडून सगळं काढलं

८ एप्रिल, मंगळवार

डोंगर काढला. तीन आंबे काढले. वाघोबाचा दगड, जांभळं, उंबर, करंज, गुरांची वाट, करवंदीची जाळी — सगळं काढलं. भिमीची शेळी बिबट्याने उचलली ती जागा पण काढली. पाणी काढलं नाय.

कंबर गेली कामातून! देवळापुढचं अंगण बायांनी सारवून दिलेलं, त्यावर मी सकाळपासून ओणवी होऊन आमचं वरचं रान काढत होते. नम्रता आली होती. ती संस्थेची पोरगी, शहापुरातनं येते, गावाच्या वनहक्काची फाईल तीच बघते. म्हणाली, "आजी, हे रान पिढ्यानपिढ्या तुमचं गाव राखतंय हे सरकारला दाखवायचं तर नकाशा लागतो." मी म्हटलं, सरकारने रान बघितलं नाय? म्हणाली, "ते कागदावर बघतात." घ्या! म्हणजे अडाणी मीच बरी. मला कागदाशिवाय दिसतं.

तिने बाजारातली रांगोळी आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. ती मी बाजूला सारली. साठ वर्षं मी या वाडीतले लग्नाचे चौक भिंतीवर काढत आले ते पांढऱ्या मातीने. ती माती एकाच जागी निघते, वरच्या रानात, डवऱ्याच्या, म्हणजे पाण्याच्या झऱ्याच्या कडेला. लोण्यासारखी चिकट. हातावर वाळली की तीन दिवस नखातनं जात नाय.

नम्रताने शाळेच्या गच्चीवर चढून फोटो घेतला, मग कागदावर उतरवून घेतलं. चंदर — तो वनहक्क समितीचा अध्यक्ष — म्हणतो, "रंभाकाकी, तुमाला मोजणीवाल्यांनी न्यायला पायजे." मी म्हटलं, खुर्ची उंच देतील का ते आधी विचार. खाली बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात.

ही वही पण नम्रतानेच दिली. म्हाताऱ्या माणसांचा जबाब फायलीला लागतो म्हणे. रोज आठवेल ते सांगा, लिहून घ्या. लिहिते रेश्मा, माझी सून. बोलते मी. कामाची पानं नम्रताला देऊ. बाकीची माझी.

९ एप्रिल, बुधवार

रेश्मा विचारते, "आत्या, तुमी बोलता तसंच्या तसं लिहू, का नीट करू?" मी म्हटलं, वेणीफणी कर, पण केस कापू नको.

१३ एप्रिल, रविवार

अनिल घरी. माझा एकुलता एक. वाशिंदच्या कारखान्यात जातो. पंधरा वर्षं झाली, पहाटे चारला उठतो, अंधारात मोटरसायकल, अंधारात परत. रविवारी झोपतो तो मेल्यासारखा. आज झोपला नाय. माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसला. मला तेव्हाच वाटलं, काहीतरी शिजलंय.

"आये, त्यांनी फायलीतला तुझा नकाशा बघितला."

"कुणी?"

"खाणवाल्यांनी."

वरच्या रानाच्या माथ्यावर दगडखाण काढायची म्हणतात. सुरुंग लावायचे, खडी करायची. अनिलला सुपरवायझर करतो म्हणाले. घरापासून दहा मिनिटं. दुपारी घरी येऊन जेवायचं.

"मग? आवडला का नकाशा?"

"आवडला. त्यात पाणी नाय म्हणून आवडला."

तो म्हणाला, "गावाने स्वतः काढलेल्या नकाशात पाणी नाय, मग आमच्या खाणीने कुणाचं पाणी तुटतंय? — असं त्यांनी तालुक्याला लिहून दिलंय. हरकत म्हणून." हसत होता. पण हसताना माझ्याकडे बघत नव्हता, खाटेची सुतळी उसवत होता. लहानपणापासूनची खोड.

"डवरा आहे ना रे वर," मी म्हटलं.

"नळ आलाय, आये. आता डवरा कुणाला पायजे?"

रेश्मा, थांबलीस का गो? तुझ्या नवऱ्याबद्दल आहे म्हणून? लिही.

१५ एप्रिल, मंगळवार

डवऱ्याचं सांगते. नाय तर उद्या कुणी म्हणेल म्हातारीला वेड लागलं.

वरच्या रानात काळ्या कड्याखाली एक खड्डा आहे. विहीर नाय, तळं नाय. हातभर खोल, परातीएवढा. तळातनं पाणी पाझरतं. एक हंडा भरून घेतला की बसायचं, गप्पा मारायच्या, तोवर दुसरा भरतो. वैशाखात सगळं सुकतं तेव्हा पण तो पाझरतो. वर एक चपटा दगड झाकण म्हणून. खाली तीन पाडे आहेत, त्या पाड्यांच्या विहिरींना पण पाणी तिथनंच उतरतं, असं म्हातारी माणसं सांगायची.

तो मी काढत नाय. कधीच. चौक काढायला मला शिकवलं बाईजाने, माझ्या सासूने. ती म्हणायची, झाड काढ, जनावर काढ, डोंगर काढ. आसरांचं, पाण्यातल्या देवींचं, पाणी काढायचं नाय. भिंतीवर बसवलं की ते जागेवरनं उठतं.

मी नवी नवरी, शहाणी! नणंदेच्या लग्नात चौकात एक गोल काढला, बोट बुडवून टपटप ठिपके दिले, छान डवरा झाला. बाईजाने तळहाताने पुसला. पण बाया बघून गेल्या होत्या. त्या साली चैत्रात डवरा आटला. पहिल्यांदा. बाया खालच्या नदीला दीड कोस जायच्या आणि वाटेने माझं नाव घेत जायच्या. नाव घेत म्हणजे कसं, ते कळलं ना रेश्मा? श्रावणानंतर तो परत भरला. पण मी परत हात लावला नाय.

आता बोलता बोलता मला धडकीच भरली. म्हटलं, गो बाई, तू आता डवरा लिहिलास! लिहिलं म्हणजे काढलंच की!

रेश्मा म्हणाली, "लिहिणं वेगळं, आत्या. काढणं वेगळं."

दाखव म्हटलं. तिने बोट ठेवलं. तीन अक्षरं. पहिलं कमरेत वाकलेलं. दुसऱ्याचं पोट पुढे आलेलं. तिसऱ्याने बाजूला काठी टेकवलेली. ह्या तर तीन बाया पाण्याला निघाल्या! एक म्हातारी, एक पोटुशी, एक लंगडी. पाणी नाय दिसलं कुठे. मग जिवात जीव आला. लिही खुशाल.

१८ एप्रिल, शुक्रवार

नळाला आज चौथा दिवस, थेंब नाय. टाकीवर मात्र रंगवलेला नळ धो धो वाहतोय, खाली हसरी बाई हंडा घेऊन. बाईजा खोटं बोलत नव्हती. भिंतीवर बसलं की जागेवरनं उठतं.

रेश्मा डवऱ्यावर जाऊन आली. दोन खेपा.

२१ एप्रिल, सोमवार

नम्रता आली ती चहा पण न घेता बोलायला लागली. सहा मेला तालुक्याचे साहेब जागेवर पाहणीला येणार. खाणवाल्यांची हरकत आहे, पाण्याचा साठा दाखवलेला नाय. "आजी, मला आधी का नाही सांगितलंत? नवीन नकाशा जोडू. तुम्ही फक्त डवरा काढून द्या."

मी म्हटलं, ते सोडून काय पण काढून देते. तू सांग, तुझं लगीन पण काढते.

ती हसली नाय. "एक गोल काढायचाय हो."

तिला गोल दिसतो.

खालच्या पाड्याची, ठाकरवाडीची भिमी बसली होती. माझ्याच वयाची, दात एक जास्त. ती म्हणाली, "रंभे, हात भितोय का तू भितेस?" मी म्हटलं, दोघं. मग मीच नम्रताला म्हटलं, तूच काढ की. तर म्हणते, जागा कुठली ते बोटाने दाखवा, वाडीत दुसरं कुणी दाखवायला धजत नाही. बोट ठेवलं म्हणजे काढलंच ना? मला काय कळत नाय का?

न काढावं तर खाण पाणी घेणार. काढावं आणि ते उठून गेलं, तर साहेब सहा तारखेला येऊन बघणार काय? कोरडा खड्डा! आणि बाया परत माझं नाव घेत नदीला जाणार. म्हटलं, कागदावर नाय. साहेबाला चालत नेते, दगड उचलून दाखवते. डोळ्याने बघू दे. पाणी प्याला की पटेल.

नम्रता म्हणाली, "तुम्ही? चालत?"

ते मी विचारात घेतलं नव्हतं.

२६ एप्रिल, शनिवार

अनिल लवकर आला. कमरेचा पट्टा सोडून पडवीत पालथा पडला. पट्ट्याची खूण पाठीवर तशीच राहते आता, रात्री पण जात नाय. मी तेल लावलं. बेचाळीस वर्षांचा पोरगा, पाठ माझ्यापेक्षा जुनी.

"आये, सहा तारखेला तू जाऊ नको."

"का?"

"तुला झेपणार नाय."

"मला काय झेपतं ते तू लहान होतास तेव्हा विचारायला पायजे होतंस."

मान माझ्याकडे वळवून म्हणाला, "मला फक्त घरी जेवायचंय गो. उजेडात. एवढंच मागतोय."

मी तेल लावत राहिले.

आता लिहिताना रेश्माला विचारलं, तुझं मत काय? म्हणाली, "मी लिहिते फक्त." मी म्हटलं, माझं सगळं लिहितेस, स्वतःचं एक वाक्य नाय? मान खाली घालून म्हणाली, "तो घरी पायजे. पाणी पण घरी पायजे." आणि ते लिहिलंन पण.

१ मे, गुरुवार

ग्रामसभा. शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकावर माणसं. चंदरने वाचलं, कोण कोण पाहणीला जाणार. माझं नाव आलं तसा अनिल उठला. मला वाटलं मला धरून न्यायचं म्हणेल.

म्हणाला, "आमच्या आयेला आता नीट आठवत नाय. वय झालंय. तिच्या बोलण्यावर फाईल चालवू नका."

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला.

मी बसल्या जागेवरनं म्हटलं, "खरं आहे. अढीतले अकरा आंबे खाऊन शेजारच्या पोरावर घातलेस, ते पण मी विसरले असं धर."

लोक हसले. भिमी तर बाक आपटून हसली. अनिल हसला नाय. मी पण नाय, पण ते कुणाला दिसलं नाय.

चंदर म्हणाला, "काकींचं नाव राहू दे."

घरी येताना अनिल पुढे, मी मागे, मध्ये रेश्मा.

३ मे, शनिवार

खाणवाल्याने वाडीला पाण्याचा टँकर पाठवला. फुकट! काल पण, आज पण. बाया खूष. वर कोण कशाला चढेल?

मला टँकर आवडला नाय. न बोलावता पाणी येतं तेव्हा मला बाईजा आठवते.

४ मे, रविवार

अनिल सकाळी पहार घेऊन गेला. कुंपणाचे खांब पुरायला, म्हणाला. जेवणाच्या वेळेला आला. पहार धुऊन ठेवली. पहार कधी कोण धुतं?

भाताचा घास उचलला तेव्हा त्याची नखं बघितली. पांढरी. कुंपणाची माती तांबडी आहे.

हे लिहू नको, रेश्मा.

लिहू नको म्हणते तरी हिचा हात चाललाय! रेश्मा!

६ मे, मंगळवार

सांगते. क्रमाने सांगते. मध्ये रडले तर ते लिहू नको.

खुर्चीला दोन बांबू बांधून चौघांनी मला वर नेलं. साठ वर्षांपूर्वी या वाडीत आले तेव्हा एवढा मान नव्हता. साहेब तरुण, चष्मा घामाने घसरतोय. खाणवाल्यांचा एक माणूस, पांढरे बूट. नम्रता, चंदर, भिमी, पाच-सहा बाया. आणि अनिल. रजा टाकून आलेला. माझ्या खुर्चीचा बांबू त्याने धरला नाय, मागनं येत होता.

काळ्या कड्याखाली आलो. झाकणाचा दगड जागेवर होता. चंदरने उचलला. आत दगड. मोठे, एकात एक ठोकून बसवलेले, वर माती चेपलेली, वर पालापाचोळा. बायांनी ओरडा केला. भिमी म्हणाली, "कुणाचं मढं गेलं हिकडं!"

मी पाचोळा बघत होते. सागाची पानं होती त्यात. कड्याखाली साग नाय. साग खाली, वाटेला. ज्याने हे पाचोळ्याचं चित्र काढलं तो घाईत होता. कुठल्या झाडाखाली कुठलं पान पडतं ते त्याने बघितलं नाय. माझा पोरगा, आणि एवढं कळू नये!

साहेब म्हणाले, "आजी, इथे खड्डा दिसतो, पाणी दिसत नाही. नकाशातही नाही." पांढरे बूट म्हणाले, "आम्ही तेच सांगतोय."

मी नम्रताला म्हटलं, तो गच्चीवरचा फोटो काढ. साहेबांना म्हटलं, "नकाशा तुमी बघितला, पण झाडं नाय बघितली. बघा. सगळीकडे झाडं कशी आहेत? विखुरलेली. आणि इथे?" इथे जांभूळ, मग उंबर, मग करंज, परत जांभूळ, परत उंबर. एकामागे एक, वाकडी ओळ, कड्यापासून खाली पाड्याच्या विहिरीपर्यंत. "ती काय शाळेत जायला रांगेत उभी राहिलीत? ती पाण्यावर उभी आहेत. मला पाणी काढायचं नव्हतं, म्हणून पाण्याने जे काढलंय ते मी काढलं."

खरं सांगते, हे मला पण तिथे बसल्यावरच दिसलं. साठ वर्षं प्रत्येक चौकात मी ती ओळ काढते. बाईजाने शिकवली तशी. पाण्याला हात न लावता पाणी कुठे आहे ते ठेवून गेली ती. आणि मी नुसती झाडं काढत राहिले. बैलच!

साहेब मोबाईल आडवा-उभा करून त्या ओळीवरनं चालत गेले. एक उंबर, दुसरा उंबर. परत आले. "खणायचं कुठे?"

मी खालचा उंबर दाखवला, उताराच्या अंगाला. वरचं तोंड बंद केलं तर पाणी तिथे येऊन बसणार. चंदरने पहार अनिलच्या हातात दिली. आमच्यात तोच तगडा. अनिल खणायला लागला, पण असा की जमिनीला दुखू नये. मी खुर्चीतनं वाकून हळूच म्हटलं, "जोर लाव रे. रविवारी लावलास तेवढा."

त्याने वर बघितलं. लहानपणी ताप चढायचा तेव्हा बघायचा तसं. मग जोर लावला. काळी माती आली. मग पांढरी, चिकट. मग ती घामेजली. ओंजळभर पाणी गोळा व्हायला अर्धा तास लागला, पण झालं.

पांढरे बूट म्हणाले, "ओल कुठेही लागते, साहेब." बाया दगड उपसायला धावल्या तर परत तेच बूट म्हणाले, "उद्या हंड्याने ओतून दाखवतील." साहेबांनी बायांना थांबवलं. पंचनामा झालाय, आहे तसं राहू द्या. मग म्हणाले, "हा खड्डा ताजा बुजवलेला दिसतोय. कुणी बुजवला त्याचा लेखी जबाब द्या. मिळाला तर हा पाण्याचा साठा म्हणून धरता येईल. नाही तर जे दिसलं ते लिहावं लागेल — कोरडा खड्डा, खाली थोडी ओल. बारा तारखेला फाईल पुढे जाईल."

एकेकाला विचारलं. कुणाला माहीत नाय. मग माझ्याकडे वळले. "आजी, तुम्हाला सगळं दिसतं. तुम्ही सांगा."

अनिल माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला मानेवर लागत होता.

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, साहेब."

८ मे, गुरुवार

नम्रता वही न्यायला आली. मी म्हटलं, अजून लिहून व्हायचंय. म्हणाली, "अकराला संध्याकाळी येते. त्यानंतर उपयोग नाही, आजी." माझ्याकडे बघत राहिली. पोरगी हुशार आहे, तिला काहीतरी वास आलाय.

ती गेल्यावर मी रेश्माला म्हटलं, चार तारखेचं पान फाड.

"तुमी फाडा. मी लिहिणारी."

घेतली वही. उलटली, पालटली. सगळी पानं सारखीच! त्या तीन बाया शोधल्या, तर त्या पानापानावर पाण्याला निघालेल्या. चार तारखेचं कुठलं? नखं कुठली, पहार कुठली? ज्याला वाचता येत नाय त्याला फाडता पण येत नाय, हे मला आज या वयात कळलं. रेश्मा चुलीशी बसून बघत होती. सांगितलं नाय तिने.

पान दिलं तर पोराची नोकरी गेली, कारखान्याची पण आणि खाणीची पण, वर चौकीच्या खेपा. नाय दिलं तर डवरा मेला. न काढता मेला. आणि या खेपेला बायांना नाव कुणाचं घ्यायचं ते कळणार पण नाय. मलाच घेत बसावं लागेल.

९ मे, शुक्रवार

अनिल रात्रपाळी नसताना पण उशिरा येतोय. जेवताना डावा हात ताटाखाली लपवतो. नखं कधीचीच स्वच्छ झालीत.

१० मे, शनिवार

भिमी आली होती. तिच्या पाड्याच्या विहिरीचं पाणी हातभर खाली गेलंय, पाच दिवसांत. म्हणाली, "वरचं तोंड दाबलं, वाट बदलली आसंल." मग मला म्हणाली, "तुला म्हाईत हाय, रंभे."

मी म्हटलं, मला मोतीबिंदू आहे.

म्हणाली, "डोळ्याचं नाय विचारलं." उठून गेली. चहा तसाच. साठ वर्षांत तिने माझ्याकडचा चहा टाकला नव्हता.

११ मे, रविवार

आज अक्षर वेगळं दिसेल. रेश्माचा हात दुखतो म्हणे. पेन अनिलपुढे ठेवून ती भाकऱ्या थापायला गेली. लिहितोय अनिल.

आधी मी त्याला सगळी वही मोठ्याने वाचायला लावली, पहिल्या पानापासून. आंबे आले तिथे हसला. पाठ आली तिथे ताठ बसला. चार तारखेचं पान आलं तसा आवाज बंद झाला. मी म्हटलं, वाच. म्हणाला, "वाचलं." मी म्हटलं, हेच ना ते पान? मला सापडत नव्हतं. आता तुला सापडलंय. फाडायचं तर फाड, चूल पेटलेली आहे. बाहेर ओट्यावर नम्रता येऊन बसलीय.

त्याने फाडलं नाय. म्हणाला, "आये, तू सांग, मी लिहितो." मी म्हटलं, माझं सांगून झालं. आता मी गप बसते. पुढची ओळ तुझी.

डवरा मी बुजवला.

काय लिहिलंस ते मी विचारत नाय. ओळीच्या सुरवातीला त्या तीन बाया आहेत, त्यांना मी ओळखते.